बसवणारा भाऊ

देवबाग,
शिमगा सरल्यावर, १९६३

प्रिय विश्राम,

तू खुशाल असशीलच. दुसरे कसे उभे राहतात नि कसे वाकतात ते बघायचा पगार ज्याला मिळतो, तो खुशाल नसेल तर कोण! रागावू नको, पण तुझे भावोजी ज्या गिरणीत वर्षानुवर्षं राबतात तिथेच तुला नेमका कशाला घेतलाय, हे मला अजून उमगलेलं नाही. हातात घड्याळ धरायचं, कुणाचं कोपर कुठवर पोचतं ते टिपायचं, याला नोकरी म्हणतात होय? चतुर्थीला आलास तेव्हा मी आडाळ्यावर बसून नारळ खवत होते, तर मागून फीत लावून माझी पाठ मोजलीस. जित्या माणसाचं माप घेऊ नये रे! तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय.

त्यात भिकाजीच्या दुकानावरचा तुझा तो पराक्रम. मुंबयत काय करतस, असं त्याने साधं विचारलं, तर तू ऐटीत म्हणालास, "कामगारांका बसयतंय!" झालं, एकेक गिऱ्हाईक दुकानातून उठून गेलं. आपल्याकडे माणसाला बसवणं म्हणजे काय ते विसरलास? हौसाबाईच्या थोरल्या झिलाला साहेबाने कामावरून बसवला, तो अजून घरी जाळी विणत बसलाय. दुसऱ्या दिवशी बाजारात मला कुणी हाक मारीना. हिचो भाव माणसांका घराकडे बसयता, म्हणे. मी तणतणत परत आले. भांडले मात्र नाही, कारण माझ्याही पोटात तीच भीती होती.

खरं तर तुझी खोड जुनी. आये चुलीपुढे वाकून कण्हायची, म्हणून तू लहानपणी चिरे रचून तिची चूलच वर उचललीस. बाबांनी झोडपून काढलं, पण आयेने मरेपर्यंत त्याच चुलीवर रांधलं. ते आठवलं की वाटतं, हा कुणाचं वाईट कसं करील? मग वाटतं, तेव्हा तुला कुणी पगार देत नव्हतं.

आता मुद्द्याचं लिहिते. तुझे भावोजी शिमग्याला घरी आले ते पाय टम्म सुजलेले घेऊन. पाटावर बसवेना, खांबाला टेकून उभ्याने जेवले. मला रडूच फुटलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, घडी खात्यात कापड बसून तपासता यावं म्हणून तू प्रत्येकाजवळ उंच स्टूल ठेवलंयस आणि त्यावर एकही जण टेकत नाही. जो आधी बसेल त्यालाच आधी बसवतील, असं सगळ्यांनी धरलंय. मेव्हण्याने दिलेल्या स्टुलाशेजारी हा माणूस दिवसभर उभा! तुला विचारायला त्यांची जीभ रेटत नाही, म्हणून मी विचारते. गुळमुळीत लिहू नको, आयेची शपथ घेऊन लिही. बसलेल्या माणसाला गिरणीवाले घरी पाठवणार नाहीत ना? साहेबाच्या मनातलं तुलाच ठाऊक नसेल, तर तसंही लिही. पाडवा झाला की ते परत कामावर निघतील, आणि माझा शब्द ते मोडत नाहीत. तुझं 'होय' आलं तर मीच त्यांना सांगणार आहे, बसा म्हणून.

तुझ्यावर विश्वास ठेवायला बसलेली, तुझीच
कावेरीआक्का