बुटाचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ

ठाण्याच्या दैनिकात अजून काहीच ठरलेलं नाही. कदमनेच फोनवर सांगितलं. तो तिथे उपसंपादक आहे, मला खोटं सांगणार नाही. "यादी संपादकांच्या टेबलावर आहे रे. तुझं नाव आहे का, ते नाही दिसलं." मुलाखतीला पाच आठवडे झाले.

इकडे अंजूरच्या गोडाऊनमधून सलीमभाईंचा मेसेज सकाळपासून पडून आहे. 'सर, जूते का नंबर भेजो. कल बारा बजे ऑर्डर जाएगा.' आलेला माल तपासायची नोकरी. बूट कंपनीचे, पुढे लोखंडी पत्रा असलेले. नंबर कळवला म्हणजे नोकरी घेतली.

आमचा पेपर दिवाळीत बंद पडला, तेव्हापासून मी घरी. सुनंदा एकटी दवाखान्यात डबल ड्युटी करतेय. दुपारी म्हणाली, "अहो, बुटाचा नंबर मागतायत, किडनी नाही." हसलो. मग ती दुसऱ्या ड्युटीला निघाली.

बावीस वर्षं पानं लावली. मुख्य बातमी आली नाही म्हणून पान कधी थांबवलं नाही. वेळ झाली की हातात असेल ती लावायची. मग स्वतःच्याच बाबतीत का अडलो? कसली आशा? कदमच्या आवाजात तर ती नव्हती.

आत्ता नंबर पाठवला. आठ. लगेच अंगठा आला.

सोमवारी सातच्या शिफ्टला हजर व्हायचं. तिथे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, सुटेपर्यंत मिळत नाही. ठाण्याचा फोन आलाच, तर वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये वाजेल.