सातव्या मजल्यावरचे पाच जण

मी, इगाराशी मिसुझु, वय तेहतीस, राहणार निइगाता शहर, मूळ गाव सांजो, हे सर्व स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत लिहीत आहे. वेदनाशामक औषध सकाळी सहाला घेतले. आता अकरा वाजले आहेत आणि डोके स्वच्छ आहे. कोणाचा दबाव नाही. डॉक्टर आता वर्षांऐवजी महिन्यांत बोलतात, म्हणून लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतील शिल्लक आणि विम्याची रक्कम माझी आई इगाराशी किनुए हिला मिळावी. तिने त्यातून सांजोच्या घराचे पश्चिमेकडचे छप्पर दुरुस्त करावे. दर हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने ते आणखी वाकते आणि दर हिवाळ्यात ती "अजून एक वर्ष निघेल" म्हणते. निघणार नाही. मी मोजले आहे.

२. सोल्डरिंगची साधने आणि मोजमापाची यंत्रे सहकारी त्सुचिदा रेन यांना द्यायची होती. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने लाभ घेऊ नये, म्हणून ती गेल्या मंगळवारीच दिली. या कलमात आता काही उरलेले नाही.

३. जुन्या संगणक-खेळांच्या मंडळातील श्री. कुरोदा यांनी बाबांच्या खेळाची मूळ पुस्तिका २०१६ साली एका आठवड्यासाठी नेली. ती परत मागू नये. मात्र त्यांना अंत्यविधीला बोलावू नये.

४. माझा संगणक, त्यातील एम्युलेटर, आणि बाबांच्या चौकटीच्या कागदाच्या सात वह्या माझा धाकटा भाऊ हिदेतो याला मिळाव्यात.

कारण लिहिणे आवश्यक आहे. बाबा, इगाराशी शिगेमासा, कारखान्यात पात्यांची जाडी तपासत. रविवारी जेवण झाले की जुन्या संगणकावर भुयाराचा खेळ खेळत. भुयाराचे दहा मजले, वरून खाली मोजायचे. खेळ नकाशा दाखवत नाही. तो आपणच काढायचा. बाबा पावले सांगत आणि हिदेतो त्यांच्या मांडीवर बसून पेन्सिलीने चौकटी भरत असे. सहा जणांच्या टोळीला घरच्यांची नावे होती: बाबा योद्धा, आई पुजारीण, मी मांत्रिक, हिदेतो चोर, शिवाय आजी आणि कुत्रा. आई म्हणायची, "खेळातसुद्धा मीच सगळ्यांची मलमपट्टी करायची का?"

२००९ साली बाबा इस्पितळात गेले तेव्हा टोळी सातव्या मजल्यावर होती. ते हिदेतोला म्हणाले, "मी नाही आलो, तर तू सगळ्यांना वर काढ. आणि आईला पुढे ठेवू नकोस रे, पटकन मरते." हिदेतो अकरा वर्षांचा होता. तो "हो" म्हणाला. बाबा आले नाहीत. त्याच वर्षी तो संगणकही बंद पडला.

५. हे कलम माझ्या कबुलीचे आहे.

२०१३ च्या एप्रिलमध्ये बाबांची टोळी जिच्यात साठवलेली होती ती फ्लॉपी नव्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी अंगावर घेतले. एम्युलेटर हा नव्या संगणकाला जुन्याचे सोंग आणायला लावणारा प्रोग्रॅम आहे. त्यात तो खेळ पुन्हा चालला असता. नक्कल करताना "कुठून" आणि "कुठे" या दोन जागा मी उलट भरल्या. फ्लॉपीच्या खाचेवर पट्टी चिकटवली असती तर तिच्यावर काही लिहिले गेले नसते. ती मी चिकटवली नव्हती. कोरी प्रत बाबांच्या फ्लॉपीवर लिहिली जाऊन टोळी पुसली गेली. चाळीस सेकंद लागले.

त्या दुपारी हिदेतोने ती फ्लॉपी थोडा वेळ स्पीकरला टेकवून ठेवली होती. मी म्हणाले, "स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, हिदेतो." एवढेच म्हणाले. लोहचुंबक फ्लॉपी पुसते, हे बाकीचे त्याने स्वतः जोडले. तेव्हापासून तो कोणताही खेळ खेळलेला नाही, आणि बाबांना आपणच खाली सोडले असे मानून जगतो आहे.

स्पीकरने काही झाले नव्हते. ते मी केले.

त्यानंतर मी एम्युलेटरवर त्याच सहा नावांची टोळी पहिल्या मजल्यापासून पुन्हा उभी केली. एम्युलेटरमध्ये खेळ कोणत्याही क्षणी गोठवता येतो आणि कोणी मेले तर त्या क्षणाकडे परत जाता येते. ती सोय मी बंद ठेवली. चौथ्या मजल्यावर माझ्या नावाची मांत्रिक मेली. खेळातल्या देवळात तिला पुन्हा जिवंत करताना तिची राख झाली, दुसऱ्या प्रयत्नात तीही उरली नाही. नवी केली नाही. उरलेले पाच जण आठ वर्षांनी सातव्या मजल्यावर, वहीतल्या शेवटच्या चौकटीपर्यंत पोहोचले आहेत. पुढे मी एकही पाऊल टाकलेले नाही. ही बाबांची टोळी नाही, हे हिदेतोने ध्यानात ठेवावे.

६. कलम ५ माझ्या मृत्यूनंतर हिदेतोला कळावे, असे मी आधी येथे लिहिले होते. साक्षीदार श्रीमती मागारा फुमि (इस्पितळातील शेजारची खाट, वय एकाहत्तर) यांनी नुसती सही करायची होती. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले.

"हे तो कधी वाचणार?"

"मी गेल्यावर."

"शहाणीच आहेस! मग तो बिचारा भांडणार कोणाशी? माझ्याशी?"

मी त्याच दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी हिदेतोला फोन केला. चार वाक्यांत सांगितले.

"बारा वर्षं, ताई."

"हो."

"ओबोनच्या पितृपूजेला मी बाबांच्या फोटोपुढे दरवर्षी माफी मागतो. माहितेय तुला?"

"माहितेय. मी शेजारीच बसलेली असते."

त्याने फोन ठेवला. आज नववा दिवस आहे. फोन आलेला नाही. कलम ४ तसेच राहील. आईला काय सांगायचे, ते हिदेतोने ठरवावे.

दुरुस्ती: कलम ५ च्या शेवटी असलेले "हिदेतोने मला माफ करावे" हे चार शब्द खोडले आहेत. त्या जागी नवे काही लिहिलेले नाही. जे माझ्या मालकीचे आहे त्याचीच व्यवस्था मला येथे लावता येते. दुरुस्तीशेजारी सही व शिक्का केला आहे.

निइगाता, ११ नोव्हेंबर २०२५
इगाराशी मिसुझु (सही व शिक्का)

कायद्याने साक्षीदारांची गरज नाही. मला हवे होते.
१. मागारा फुमि (सही) – सगळे वाचून.
२. त्सुचिदा रेन (सही) – न वाचता, इगाराशी यांच्या विनंतीवरून.