तेलाचा डाग आणि अकरा नावं

॥ श्री ॥
उधना, ५ ऑगस्ट २०२४

चि. योगराज यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. आत परत आलेला माझा लेख, आपल्या समाजमंडळाचा जुना अंक आणि तुझी चिठ्ठी. टपालखर्च सत्तेचाळीस रुपये! साधं पाकीट चाललं असतं रे.

लेख परत का, ते कळलं नाही. साडीवरचा यंत्रमागाच्या तेलाचा डाग कसा काढावा, एवढंच लिहिलंय. शंखजिऱ्याची पूड दाबायची, तासाने झटकायची, साबणाच्या फेसाने पुसायचं. शेजारची योगिता घरी कारखान्याच्या साड्यांच्या घड्या घालते. तिने डागावर पेट्रोलचा बोळा फिरवला, बाजूला स्टोव्ह. हात भाजला बिचारीचा. तिकडे कोसाड वस्तीतल्या कितीतरी बायका असंच करतात आणि आपल्या मंडळाचा अंक त्यांच्या घरोघरी जातो. दिवाळीच्या मालाची घाई सुरू व्हायच्या आत छापून आलं पाहिजे. तू सहसंपादक ना? की तिथं नुसता चहा पितोस?

सुमनला आशीर्वाद.
तुझी ताई, सरला


बारडोली, ११ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चहाच पितो, खोटं कशाला बोलू? लेख सगळ्यांना आवडला. पण आपल्या मंडळाची रीत तुला ठाऊक नाही. लेखात अध्यक्षांचं नाव लागतं. सुपडूअण्णा म्हणाले, डाग कोणाच्या मार्गदर्शनाखाली निघाला ते आलं पाहिजे. त्यांचं घातलं की उपाध्यक्ष पंडितभाऊंचंही घाल. मागे एका लेखात त्यांचं राहिलं, तर मंडळाचा माइक त्यांनी दोन महिने स्वतःच्या घरी ठेवला होता. फक्त दोन पानांच्या वर जाऊ नकोस.

दाजींना नमस्कार.
तुझा योगराज


॥ श्री ॥
उधना, १८ ऑगस्ट

चि. योगराज यास आशीर्वाद.

घातली बाबा नावं. पूड सुपडूअण्णांच्या प्रेरणेने दाबली आणि फेस पंडितभाऊंना दिला. अण्णांनी जन्मात कधी रुमाल धुतला नसेल. एकादशीला बसून खोटं लिहिलं, म्हणून द्वादशीलाही उपास धरला. हे म्हणाले, मंडळ मोठं असतं तर तू उपाशीच मेली असतीस.

कोसाडची शोभाबाई सांगत होती, तिच्या गल्लीत एकीने पेट्रोलची बाटली पाळण्याखाली ठेवलीय. घाई कर रे.

ताईची माया आहेच, ती धरून राहा.
सरला


बारडोली, १० सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सोबत अंक. तुझा लेख पहिल्याच पानावर! कार्यकारिणीचे अकराही जण आले, खजिनदार तर पदवीसकट. जागा पुरेना, म्हणून पूड आणि फेस काढावे लागले. शेवटचं वाक्य मात्र तुझंच ठेवलं: ‘अशा रीतीने डाग निघतो.’

रागावू नकोस. येत्या बावीस तारखेला, रविवारी, मंडळ कोसाडला तुझा सत्कार करणार आहे. मला कामावरून सुटी नाही, तू मात्र जा.

तुझा अपराधी योगराज


॥ श्री ॥
उधना, २४ सप्टेंबर

चि. योगराज यास आशीर्वाद.

सत्काराला गेले. शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. मी पिशवीतून डागाळलेली साडी, पूड आणि साबण काढला आणि म्हटलं, लेखात छापलंय की हे या अकरा जणांचं मार्गदर्शन. तेव्हा आता त्यांनीच करून दाखवावं. समोर कोसाडच्या दीडशे बायका. नाही कोण म्हणणार?

मी मागून सांगत गेले. अण्णांनी पूड दाबली. तासभर थांबायचं म्हटल्यावर अकराही जण साडीभोवती मांडी घालून बसले, सुतकातल्यासारखे. एकालाही उठू दिलं नाही. मग पंडितभाऊंनी इतका फेस केला की खजिनदारांचा चष्मा दिसेना. एक बाई ओरडली, भाऊ, घासू नका, पुसा! डाग निघाला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाबाईने निघताना सांगितलं, पाळण्याखालची बाटली आज मी स्वतः फेकून देणार.

आता अण्णांना वाटतं, युक्ती त्यांचीच. पुढच्या अंकासाठी स्वतःच्या नावाने लेख मागितलाय, माझ्याकडून लिहून. देईन. नाव त्यांचं राहू दे, पूड आणि फेस तरी छापून येतील. फक्त एक सांग, अध्यक्षांच्या लेखात आणखी कोणाकोणाची नावं घालावी लागतात, ते उलट टपाली कळव.

तुझी ताई, सरला