पाणबुडीतल्या चुका

आई, तुझा धाकटा आता पाण्याखाली असतो. तू गेलीस तेव्हा तो दुसरीत होता, आणि कोराडीच्या तलावाजवळून जातानाही तू त्याचा हात सोडायची नाहीस. तो नौदलात गेला, तिथून पाणबुडीवर. बोट खाली गेली की फोन बंद. किती दिवसांसाठी, ते तो सांगत नाही, आणि आपण विचारायचंही नसतं.

सध्या टीव्हीवर एक मालिका गाजते आहे. पाणबुडीत खून होतो आणि खुनी आतच असतो. मी बाबांना म्हटलं, नका बघू. ते म्हणाले, "तो कुठं राहते ते तरी दिसन." मग रविवारी दुपारी कूलरसमोर आम्ही दोघं बसू लागलो. पहिल्याच भागात मला बसवेना. तो अरुंद बोळ, ते करकरणारं लोखंड, आणि वर सगळीकडे पाणीच पाणी. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. श्वास लागल्यासारखं झालं होतं. टीव्ही तर बाहेरच्या खोलीत होता.

नागपूरच्या सदर भागातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई डबा खाताना हसत सुटली. त्या मालिकेच्या चुका काढणाऱ्या प्रेक्षकांचं फेसबुकवर एक पान आहे, ते तिनं मला दाखवलं. कुणी लिहिलं होतं, "पाणबुडीला खिडकी? मग पडदे पण लावा की!" कुणी विचारलं होतं, "खुनी तीन भाग लपला कुठं? आमच्या दोन खोल्यांत पाहुणा लपत नाही." इन्स्पेक्टरबाई समुद्राच्या तळाशी मोबाइलवर बोलते, त्यावर एक नागपूरकर चिडला होता, "इथं जिन्यात रेंज येऊन नाही राहिली, अन् हिले तिथं कशी भेटून राहिली?" प्रेत भाजीच्या फ्रीजरमध्ये पडलेलं, आणि स्वयंपाकी रोज तिथूनच मटार काढतो, तरी त्याला दिसत नाही. मी सगळं वाचून काढलं. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं. खिडकी खोटी, तर ते करकरणंही खोटं असेल. पाणीही खोटंच असेल.

तेव्हा तू आठवलीस. आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. तू गवारीच्या शेंगा मोडते आहेस, बाहेर भुताची मालिका लागली आहे आणि मी तुझ्या पदरामागे दडले आहे. तू मला कानाला धरून टीव्हीसमोर नेऊन बसवतेस. "भूत भिंतीतून येऊन राहिलं ना वं? मग दाराची कडी काहून वाजवून राहिलं?" शेजारच्या काकू खो खो हसतात. तू म्हणतेस, "जिथं भेव वाटते तिथं चूक पाह. चूक सापडली का भेव जाते."

मी मालिका पुन्हा तशी पाहू लागले. घाबरले की मोठ्यानं चूक सांगायची. बाबाही सामील झाले. पॉवर हाऊसच्या बॉयलरवर हयात गेली त्यांची, "एवढा मोठा व्हॉल्व्ह एका हातानं फिरते काय?" म्हणून ते पडद्याला दटावायचे.

मग तो भाग आला. पाणबुडीत पाणी घुसतं. अधिकारी ओरडतो, आणि एक खलाशी जाड लोखंडी दार लावून घेतो. पलीकडे दोघं राहिलेले असतात. दारावर हात आपटल्याचा आवाज येतो. मग येत नाही. बाबांनी आवाज कमी केला. मला चूक सापडली नाही.

मी त्या पानावर शोधलं. बाकी सगळ्याची टर उडवली होती, पण त्या दृश्याखाली एकाच माणसानं लिहिलं होतं, "मी पाणबुडीवर नोकरी केली आहे. बाकी सगळी फेकाफेक आहे, पण दाराचं बरोबर दाखवलं आहे. दार लावावंच लागतं." त्यावर कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर मी ऑफिसची लिफ्ट सोडली. बाथरूमची कडी लावेनाशी झाले. तुझा आणखी एक दिवस सारखा डोळ्यांसमोर येत होता. बाबा ड्युटीवर असताना पॉवर हाऊसचा भोंगा अवेळी वाजला होता. तू फाटकाशी उभी होतीस, हातावरची कणीक वाळून पांढरी झालेली. मी चार वेळा विचारलं, आई, काय झालं? बाबांची सायकल दिसेपर्यंत तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. त्या दिवशी तू कशात चूक शोधलीस, आई? की तुलाही सापडली नव्हती?

शेवटी त्याचा फोन आला. मी बसस्टॉपवर होते. "ताई, वर आलो वं." मी रडले नाही. भराभर त्याला लोकांचं सगळं सांगत सुटले, खिडकी, फ्रीजर, मोबाइल. तो खदखदून हसला. "खिडकी? अवं, कूस बदलायले जागा नसते!" त्या हसण्यातच मी विचारलं, "आन् ते दार गा? दाराचं पण खोटंच असन ना?"

त्याच्या मागे कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मग तो म्हणाला, "बाबा जेवले का?"

संध्याकाळचे पाच वाजले होते, आई.

घरी येऊन मी ते पान उघडलं. त्या माणसाच्या मजकुराखाली, दुसरंच नाव लावून, लिहिलं, "माझा भाऊ पाणबुडीवर आहे. मी त्याला विचारलं. दाराचंही खोटं आहे. तसं काही करत नाहीत." दुसऱ्या दिवशी कुणा बाईचं उत्तर आलं होतं, "खरं ना ताई? माझा मुलगा नुकताच गेला आहे." मी लिहिलं, "हो. खरं."

हे कुठं पाठवायचं नाही म्हणूनच तुला लिहिते आहे. बाबांनाही ठाऊक नाही. तो आता पुन्हा खाली गेला आहे. मी रोज ते पान उघडते, माझंच लिहिलेलं शोधून काढते, आणि दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाचते.