कोऱ्या वाफ्यातली मिरची

४ सप्टेंबर, बाराबंकी
पुन्हा तेच! कोऱ्या वाफ्यातली मिरचीही ठणठणीत. बांधापलीकडे बोकड्याच्या विषाणूनं पानं आखडून गेलीत, आणि माझ्याकडे तो फिरकत नाही!

बोगनवेलीच्या पानांतलं प्रथिन विषाणूला रोखतं, हे मला दाखवायचंय. रस मारलेला वाफा वाचायला हवा, बिनरसाचा कोरा आजारी पडायला हवा. दोन्ही वाचले तर सिद्ध काय होणार? मिरची आजारी पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेय — घरी कळलं तर!

७ सप्टेंबर, लखनौ
माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "या हंगामात फरक दिसला नाही तर विषय सोडा."

९ सप्टेंबर
कोऱ्या वाफ्यातली पानं चिकट. हिरवट वास! कुणीतरी तिथेही रस मारतंय. प्रयोगशाळेतून माझ्याखेरीज शेतावर एकटी शबीनाच जाते.

१२ सप्टेंबर
तिला सहज विचारलं. हसली. "दीदी, मला काय वेड लागलंय?" हसण्यासारखं काय होतं त्यात? माझा विषय बुडाला की तिचा पुढे जाणार. केसानं गळा कापतेय बाई!

१५ सप्टेंबर
सरांना सांगितलं. नाव घेऊन. शबीनाचं शेतावर जाणं बंद. ती मान खाली घालून निघून गेली — चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

२२ सप्टेंबर
शबीना नाही, तरी परवा पानांना तोच वास. म्हणून आज न कळवता गेले. शेत ज्यांचं, त्या अम्माच कोऱ्या वाफ्यात! तिथे ठेवलेल्या माझ्या रसाच्या डब्यात कडुलिंबाची डहाळी बुडवून तीर्थासारखं शिंपडत होत्या.

"अम्मा! हे काय?" मी किंचाळलेच.

त्या ढिम्म. "एकाच पंगतीत एकीला तूप आणि एकीला कोरडी रोटी? माझ्या दारात नाही चालायचं, बिटिया. तुझा रस कमी पडतो, म्हणून मी आधीच डब्यात हापशाचं पाणी ओतून ठेवते. दोघींना पुरतो."

पाणी! म्हणजे आम्हीही तोच पातळ रस मारत होतो. दोन्ही वाफे त्याच्यावर तगलेत, आणि बांधापलीकडे, जिथे काहीच मारलेलं नाही, तिथे सगळं आखडलेलं. माझ्या डोळ्यांसमोर फरक होता! विषय बुडाला नाही. वाफ्यातच बसून हसले. अम्मांना वाटलं, ऊन लागलं.

२३ सप्टेंबर
काल निघताना अम्मांनी विचारलं, "ती शबीना बिटिया का येत नाही? तिला पंगतीतून कुणी उठवलं?"

बस चुकेल म्हणाले आणि निघाले.