जादा कपडे

१२ फेब्रुवारी, सोमवार

ती. ताईस नमस्कार.

मागच्या तीन पत्रांना उत्तर नाही, तरी चौथं लिहितेच आहे. माझा चिवटपणा तुला नवा नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. तुझी नात धरून उभी राहायला लागली, असं भाचीने कळवलं. बरं वाटलं.

इकडची बातमी म्हणजे आपला विमानतळ बंद होतोय. विमानतळ कसला, पत्र्याची एक शेड, एक बाक आणि माझा वजनकाटा! पण गाव त्याच्यावर जगत होतं. औषधं, टपाल, अडलेल्या बाळंतिणी, सगळं त्या नऊ जणांच्या विमानातून. येत्या २२ तारखेचं, गुरुवारचं शेवटचं. मग शहर गाठायला रस्त्याने दोन दिवस. शाळेच्या बाई शेडमध्ये बसून रडल्या. मी नाही रडले.

काटा भंगारात जाणार. सत्तावीस वर्षं त्यावर माणसं तोलली. विमान लहान, म्हणून आधी माणूस तोलायचा, मग सामान. सामान जास्त चालत नाही, म्हणून आपले लोक तीन-तीन स्वेटर चढवून यायचे, खिशात डबे कोंबून. "काय हो, कांदा झालात की काय?" म्हटलं की रांग हसायची. कुणाचं वजन किती, मला तोंडपाठ. आणि नात्यागोत्याला सूट नाही, याचा केवढा तोरा होता मला!

भावोजी गेल्यावर तू एकदाच विचारलं होतंस, "शेवटी ते काही बोलले का गं?" मी म्हटलं, विमान भरलेलं होतं, बोलायला वेळ कुठे होता. ताई, ते खोटं होतं.

तू लेकीच्या बाळंतपणाला शहरात होतीस. त्या सोमवारी भावोजी आले, "जरा तिकडे तब्येत तपासून येतो" म्हणाले. त्यांचं वजन नेहमीचं एकाहत्तर. काट्याने ब्याऐंशी दाखवलं. मी म्हटलं, "भावोजी, अख्खं कपाट घालून आलात की!" रांग खो-खो हसली. तेही हसले. कोट काढा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे गं, थंडी वाजतेय." मला वाटलं, चोरी पकडली.

वैमानिक म्हणाला, "बसू दे त्यांना, टपालाची एक थैली उतरव." मीच ऐकलं नाही. माझेच भावोजी, लोक काय म्हणतील!

भावोजी एवढंच म्हणाले, "तिकडे तुझी ताई वाट बघत उभी असेल गं."

"असू दे. गुरुवारी जा. तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

ते बाकावर बसून राहिले. विमान उडालं तरी बसूनच. बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. पाय सुजून बूट आवळत नव्हते, हे मला कुठे माहीत? मला वाटलं, आळशी माणूस.

बुधवारी ते गेले. कंपाउंडरने कोट काढला. आत एकच सदरा होता. म्हणाला, "अंगात पाणी साचलं होतं. दहा-अकरा किलो तरी असेल."

गावात मला कुणी बोललं नाही. रांगेत हसलेले सगळेच गप्प आहेत. पण ताई, मी मारलं गं त्यांना. हसत हसत.

वजनाची वही परत द्यायची आहे. त्यातलं ते पान फाडून सोबत पाठवते. भावोजींच्या नावापुढे ८२, आणि शेरा माझ्याच अक्षरात आहे: "जादा कपडे. परत पाठवले."

शेवटच्या विमानात एक जागा माझ्या नावावर ठेवली आहे. पुढच्या सोमवारच्या टपालात तुझा कागद आला, अगदी कोरा आला तरी मी येईन. दारात उभी राहीन, काय बोलायचं ते बोल. नाही आला तर इथेच. येणार नाही, कळतंय मला. तू तरी का पाठवावास?

तुझी धाकटी म्हणवून घ्यायला आता जीभ रेटत नाही. म्हणून गाव म्हणतं तेच लिहिते,

काटेवाली