पावणेसात

गिरू,
औरंगपुऱ्यात दुकान उघडायचंय, म्हणून घाईत लिहितेय. रात्रीपासून दार लावून बसलीस, जेवली नाहीस. भाकरी दुरडीत आहे, पिठलं गरम करून घे.

नववीत बीजगणित सुरू व्हायच्या आधी हिचे अपूर्णांक पक्के करून घ्या, असं सर म्हणाले होते. म्हणून सकाळी तुझी वही उघडली. सव्वातीन बरोबर, साडेतीन बरोबर. पावणेतीनपुढं मात्र तू लिहिलंस, तीन पूर्णांक तीन चतुर्थांश. पावणेपाच, पावणेनऊ, सगळीकडं तसंच. लई राग आला. अगं, पावणे म्हणजे पाव उणे! तीनाला पाव कमी. दोन पूर्णांक तीन चतुर्थांश.

मग एकदम कालचं आठवलं. पावणेसातला घरी ये, असं मीच बजावलं होतं. तू सात पंचेचाळीसला आलीस आणि वर "वेळेवरच आले" म्हणालीस. उलट बोलते म्हणून मी कानाखाली वाजवली.

तू खोटं बोलत नव्हतीस.

आज मी ६:४५ला येते. आकड्यात लिहिलंय. दार तेवढं उघड.

आई